दप्तराचे राखणदार

१५९५ साली स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही राज्यांचे मुकुट ज्याच्या मस्तकी होते त्या फिलिप राजाने गोव्यात राहणाऱ्या एका जुन्या शिपायावर दोन कामे सोपविली. पूर्वेकडील पोर्तुगीज पराक्रमाचा जो इतिहास जोआंव द बार्रोस याने अर्धवट सोडला होता तो पुढे लिहिणे हे पहिले काम. दुसरे काम गोव्यातील राज्यकारभाराचे सर्व कागद एका ठिकाणी जमवून त्यांचा दप्तरखाना उभा करण्याचे व तो सांभाळण्याचे होते. या शिपायाचे नाव दियोगो दो कोउतो. लिस्बन येथील राजदप्तराला ‘तोर्रे दो तोंबो’ म्हणत. त्याच नावाचे दप्तर गोव्यातही झाले आणि कोउतो त्याचा पहिला रखवालदार झाला. पणजी येथील आजच्या अभिलेखागाराची वंशावळ तेथपर्यंत मागे जाते.

गोव्याचा इतिहास सांगताना आपण जुन्या गोव्यातील महामंदिरे दाखवितो, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांपुढे गुडघे टेकतो, वसईच्या किल्ल्यातील पडक्या कमानींपाशी हळहळतो. दगडाचे वैभव डोळ्यांना दिसते. परंतु त्या दगडांमागील माणसे कोण होती हे ज्यांमुळे कळते ते कागद कोणी राखले, किती काळ राखले आणि त्यांना त्यासाठी काय मिळाले, हा प्रश्न आमच्याही मनात फार उशिरा उभा राहिला. तो का उभा राहिला हे ओघाने येईलच.

कोउतोची नेमणूक समजून घ्यायची तर त्या काळच्या नोकऱ्यांची रीत ध्यानात घ्यायला हवी. गोव्याचा विजरई साधारणपणे तीन वर्षांसाठी येत असे. किल्लेदार, जकातदार, लेखनिक यांच्या जागाही बहुधा तीन-तीन वर्षांच्या मुदतीने दिल्या जात. तीन वर्षांत जे पदरात पाडून घेता येईल ते घ्यावे आणि पुढच्या माणसाला जागा मोकळी करून द्यावी, असा तो व्यवहार होता. अशा कारभारात कागदाची काळजी कोण वाहणार? जाणारा अधिकारी कागद आपले समजून बरोबर नेई अथवा टाकून देई, आणि येणाऱ्याला मागचे काही ठाऊक नसे. खुद्द कोउतोने आपल्या लिखाणात या तीन वर्षांच्या कारभारावर कडक कोरडे ओढले आहेत. सगळी सत्ता मुदतीची असताना दप्तराची राखण मात्र मुदतीची नसावी, ही गोष्ट राजाने ओळखली म्हणा किंवा योगायोगाने घडली म्हणा. कोउतो १६१६ साली मरण पावला तोपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, त्या कागदांपाशी राहिला. त्या अवधीत किती विजरई आले आणि गेले.

त्याच्या स्वतःच्या लेखनाची कथा मात्र करुण आहे. त्याच्या इतिहासाच्या सहाव्या भागाच्या छापील प्रती मुद्रकाच्या घराला आग लागून जवळजवळ सगळ्या जळाल्या. आठव्या आणि नवव्या भागांची हस्तलिखिते तो आजारी असताना चोरीस गेली, आणि म्हातारपणी आठवणीतून व टिपणांवरून त्याला ती संक्षेपाने पुन्हा लिहावी लागली. अकरावा भाग तर नाहीसाच झाला. दुसऱ्यांचे कागद राखणाऱ्याचे स्वतःचे कागद असे गेले! तरीही जे राहिले त्यावाचून सोळाव्या शतकातील कोकण किनाऱ्याची हकिकत कोणालाच नीट लिहिता आलेली नाही.

कोउतोनंतर दप्तर राहिले, पण त्याच्या तोलाचा राखणदार दीर्घकाळ मिळाला नाही. दरवर्षी मोसमी वाऱ्याबरोबर गलबते येत-जात आणि त्यांच्याबरोबर राजाची पत्रे येत व उत्तरे जात. त्या पत्रांच्या बांधीव ग्रंथांना ‘मोसमांची पुस्तके’ असे नाव पडले. या पुस्तकांपैकी बासष्ट ग्रंथ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिस्बनला हलविण्यात आले आणि ते आजही तेथेच आहेत. १८१२ साली गोव्यातील धर्मन्यायालय कायमचे बंद झाले आणि त्याचे बहुतेक कागद जाळण्यात आले. त्या न्यायालयाबद्दल कोणाचे काय मत असेल ते असो, पण कागद जळाल्यामुळे आरोप करणारा आणि समर्थन करणारा असे दोघेही आज अंधारात चाचपडत आहेत. त्या अंधारात एक दिवा तेवढा उरला आहे. १६२३ मध्ये जोआंव देल्गादो फिगेइरा नावाच्या त्या न्यायालयाच्याच एका अधिकाऱ्याने तोवरच्या सुमारे ३,८०० खटल्यांची नाववार सूची करून ठेवली होती. ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मूळ कागद गेले आणि कोणा एकाने चिकाटीने केलेली यादी उरली. याद्या करण्याच्या कामाला जे कारकुनी म्हणून नाक मुरडतात त्यांनी हे लक्षात ठेवावे.

१८३५ मध्ये गोव्यातील मठ बंद करण्यात आले. त्याआधी १७५९ मध्ये येशूसंघीयांना हद्दपार केले गेलेच होते. मठांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, आणि जमिनींचा हिशेब लागावा म्हणून मठांचे काही कागदही सरकारजमा झाले. ‘बंद पडलेल्या मठांचे कागद’ या नावानेच ते अभिलेखागारात नोंदलेले आहेत. म्हणजे ते जगले ते भक्तीमुळे नव्हे, महसुलामुळे. जे कागद महसुलाच्या उपयोगाचे नव्हते, प्रवचने, पत्रे, शब्दकोश, गाणी, त्यांचे काय झाले असेल याची कल्पना करवत नाही.

पुढे १८५५ साली जोआकिम एलियोदोरो द कुन्हा रिव्हारा हा गोव्याचा मुख्य सचिव म्हणून आला. तो मूळचा एव्होरा शहराच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल. नेमणूक सचिवाची असली तरी त्याचे मन दप्तरात रमले. १८५७ पासून त्याने जुन्या कागदांचे ‘पूर्वेकडील पोर्तुगीज अभिलेख’ या नावाने सहा भाग छापविले. कोंकणी भाषेच्या इतिहासावर त्याचा १८५८ चा निबंध तर प्रसिद्धच आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे सर्व त्याने दुसऱ्या नोकरीच्या पगारावर केले. दप्तराच्या कामासाठी त्याला कोणी नेमलेलेच नव्हते.

खरा वारस मिळाला तो विसाव्या शतकात. सत्तरीतील पिसुर्ले गावचे पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी सुमारे तीस वर्षे, १९६१ पर्यंत, गोव्याचे अभिलेखागार सांभाळले. त्यांना पोर्तुगीज येत होती तशीच मराठीही येत होती. एका बाजूचा कागद दुसऱ्या बाजूच्या कागदाशी ताडून पाहण्याची जी ताकद त्यांच्या लेखनात आहे ती त्यातूनच आली. राज्यमंडळाच्या ठरावांचे पाच खंड त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात संपादून काढले. १९५५ मध्ये त्यांनी गोव्यातील दप्तरांची वाटाड्या-सूची प्रसिद्ध केली. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली काढला. वसईच्या मोहिमेविषयी मराठीत आज जे काही आधाराने बोलता येते त्यात या एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या ग्रंथांच्या तारखा पाहाव्यात. मोठी कामे हातून बाहेर पडली ती दप्तरात वीस-बावीस वर्षे घालविल्यावर. पहिली वीस वर्षे काय केले, असा जाब त्यांना त्या काळी कोणी विचारला असता तर दाखवायला त्यांच्यापाशी फार थोडे असते!

गोवा मुक्त झाल्यानंतर वि. त्र्यं. गुणे पुण्याहून तेथे गेले. मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर त्यांचे संशोधन आधीच झालेले होते, आणि १९७३ मध्ये त्यांनीही गोव्याच्या दप्तराची मार्गदर्शिका काढली. एकाने घातलेली वाट दुसऱ्याने पुढे नेली. हे जमले, कारण ती जागा कायमची होती आणि माणूस बदलला तरी खुर्ची रिकामी राहिली नाही.

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे वळू.

कागद राखण्याच्या बाबतीत ख्रिस्तसभेने कोणाकडून शिकावे अशी स्थिती नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी प्रत्येक धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना विवाहांची आणि स्नानसंस्काराच्या वेळच्या धर्ममातापित्यांची वही ठेवण्याची आज्ञा केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, धर्मग्रामातील कुटुंबांची स्थिती आणि मृत्यू अशा पाच वह्यांचे नमुने घालून दिले. पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी १७२७ मध्ये इटलीतील धर्मप्रांतांना अभिलेखागारे स्थापण्याचा खास हुकूम काढला. १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३५ वे कलम प्रत्येक धर्मग्रामात दप्तर असावे असे सांगते, आणि ४९१ वे कलम महागुरुस्वामींवर ऐतिहासिक दप्तराची जबाबदारी टाकते. २ फेब्रुवारी १९९७ रोजी ख्रिस्तसभेच्या सांस्कृतिक ठेव्यासाठी असलेल्या रोमच्या मंडळाने दप्तरांच्या धर्मसेवेतील स्थानावर एक प्रदीर्घ पत्रकच काढले. एवढे नियम असताना उणीव कशाची? नियम वही ठेवा म्हणतो. वही ठेवणाऱ्या, वाचणाऱ्या आणि वाळवीपासून वाचविणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या खात्यातून द्यावा, हे तेथे ठरवायचे राहून जाते.

या वह्यांची किंमत आमच्या कुटुंबांना एरवी जाणवत नाही. मुलीचे लग्न ठरले की स्नानसंस्काराचा दाखला लागतो, तेव्हा ऑफिसात फेरी होते. अलीकडे गोव्यात, दमणमध्ये १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजा-पणजांची नावे जुळवावी लागतात, तेव्हा वही म्हणजे सोने होऊन बसते. एका अक्षराच्या फरकाने कित्येकांचे अर्ज अडले आहेत. पण दाखल्यापलीकडेही त्या वहीत पुष्कळ काही असते. कोणाच्या लेकराला कोणत्या घराने धर्मपिता दिला, कोणत्या साथीत एका आठवड्यात किती दफने झाली, कोणती आडनावे गावात केव्हा आली आणि केव्हा गेली, हे राजांच्या बखरीत नसते. ते येथे असते. आपल्या गावच्या सामान्य माणसाचे नाव ज्यात आयुष्यात तीनदा लिहिले गेले असे दुसरे पुस्तक नाही.

वसईच्या बाबतीत अडचण आणखी मोठी आहे. आमचे कागद एका जागी नाहीत, आणि ते का नाहीत याला इतिहासच कारण आहे. १५३४ पासून दोनशे वर्षे वसई पोर्तुगीजांकडे होती आणि तिचा कारभार गोव्याकडे पाहून चाले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. तहाप्रमाणे अनेक पोर्तुगीज कुटुंबे आणि धर्मगुरू आपले चीजवस्तूंचे गाठोडे घेऊन समुद्रमार्गे निघून गेले. १८८६ मध्ये दमणचा धर्मप्रांत झाला तेव्हा हा भाग त्याच्याकडे आला. १९२८ च्या करारानंतर तो मुंबईच्या महाधर्मप्रांतात गेला आणि २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. प्रत्येक वेळी कारभाराची बैठक हलली आणि काही गाठोडी मागे राहिली. त्यामुळे वसईच्या एका घराण्याचा मागोवा घ्यायचा तर पणजी, दमण, मुंबई आणि लिस्बन अशा चारी दिशांना पाहावे लागते, तेही पोर्तुगीज, लॅटिन, इंग्रजी व मोडी मराठी अशा चार वाटांनी. हे चारही ज्याला येते असा माणूस एका वर्षाच्या मुदतीवर कोठून आणायचा?

राखणदार नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आमच्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या मुळाशीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. कोउतो मरण पावला तेच हे साल. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे माहीत नाही. हस्तलिखिते राहिली, त्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्डान्हा यांनी ग्रंथ छापला. देवनागरी लिपीतील एक प्रत लंडनच्या एका संग्रहात होती, तिच्याकडे विसाव्या शतकात लक्ष गेले. पुढे शांताराम बंडेलू यांची १९५६ ची आणि फादर कारिदाद द्रागो यांची १९९६ ची आवृत्ती आली. तीन वेळा छापलेले, घरोघर गायिलेले पुस्तक, आणि ते छापील रूपात एकाही कपाटात नाही! याउलट आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला रक्तसाक्षी झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद घोषित झाले. मधली २६५ वर्षे ते प्रकरण टिकले, कारण साक्षीपुरावे कोणीतरी बांधून, शिक्के मारून, अंक घालून ठेवले होते.

मुदतीच्या पैशावर चांगले काम होतच नाही असे मात्र आम्हाला म्हणायचे नाही. त्याचे एक लखलखीत उदाहरण पुण्यात घडले आहे. मुंबई सरकारने १९२९ मध्ये पेशवे दप्तरातील निवडक कागद छापण्याचे काम गो. स. सरदेसाई यांच्याकडे दिले. थोडे सहायक, ठराविक पैसा आणि ठराविक मुदत. १९३४ पर्यंत पंचेचाळीस खंड बाहेर पडले! हे कसे जमले? सरदेसाई तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. १८८९ पासून १९२५ पर्यंत बडोदे संस्थानची नोकरी करता करता त्यांनी ‘मराठी रियासत’ लिहिली होती. मोडी वाचनाचा, माणसे आणि मिती ओळखण्याचा छत्तीस वर्षांचा सराव त्यांनी बरोबर आणला आणि सरकारने फक्त शेवटची पाच वर्षे विकत घेतली. बडोद्याच्या पगारावर तयार झालेला माणूस मुंबई सरकारला आयता मिळाला. शिवाय ते निवृत्त होते, पोटाची विवंचना नव्हती. अल्पमुदतीच्या योजनेचे यश ज्यांना दाखवायचे असते ते नेहमी असे उदाहरण दाखवितात आणि त्यामागील छत्तीस वर्षांचा हिशेब सांगत नाहीत.

पुढच्या काळात पैसा येऊ लागला तो बहुतेक असाच, योजनेपुरता. १९५० च्या दशकात लिस्बनहून सूक्ष्मचित्रपट्ट्या काढण्याची मोहीम झाली आणि गोव्यातील बरेच कागद चित्ररूपाने तेथे गेले. त्या कामाशी निगडित असलेले फादर आंतोनियो द सिल्व्हा रेगो यांनी मिशनच्या इतिहासाची साधने बारा खंडांत छापली. २००३ मध्ये भारत सरकारने हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय मोहीम काढली, तिला प्रथम मुदत दिली पाच वर्षांची. २००४ पासून ब्रिटिश लायब्ररी जगभरच्या धोक्यात असलेल्या दप्तरांसाठी अनुदाने देते. तीही काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतची. पैसे देणाऱ्यांचीही बाजू आहे. त्यांना दरवर्षी नवे कागद वाचवायचे असतात. एकाच गावाला जन्मभर पोसणे त्यांचे काम नव्हे. परंतु छायाचित्र काढणे हे थोडक्या दिवसांचे काम आणि त्या छायाचित्रात काय आहे हे लिहून ठेवणे दीर्घ काळाचे. पहिल्यासाठी पैसा मिळतो, दुसऱ्यासाठी मिळत नाही. परिणामी वाचता न येणाऱ्या कागदांची वाचता न येणारी चित्रे तयार होतात.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. वसई तालुक्यातील एका धर्मग्रामात जुन्या वह्यांसाठी एक समिती झाली, तीत आम्हीही होतो. एका विश्वस्तनिधीने बारा महिन्यांसाठी अनुदान मंजूर केले. वह्या पोर्तुगीजमध्ये सुरू होऊन मध्ये लॅटिनमध्ये व पुढे इंग्रजीत जातात. खाऱ्या हवेने पाने चिकटलेली, कसरीने कडा कुरतडलेल्या, आणि जुन्या लोहमिश्रित शाईने कित्येक ठिकाणी अक्षरांच्या आकाराची भोके पाडलेली. कोणा सद्‌भावी माणसाने पूर्वी फाटक्या पानांना चिकटपट्टी लावली होती. ती पिवळी पडून कागदालाच खात होती.

आम्ही जाहिरात लिहिली. आज ती वाचताना आमचेच आम्हाला हसू येते. उमेदवाराला पोर्तुगीज व लॅटिन यावे, मोडी आल्यास प्राधान्य, अभिलेखशास्त्राची पदविका असावी, कागद दुरुस्तीचा अनुभव असावा, संगणक यावा. मानधन दरमहा अठरा हजार, मुदत बारा महिने. राष्ट्रीय अभिलेखागाराची पदविकाच मुळी एक वर्षाची आहे. जितके दिवस शिकायचे तितक्याच दिवसांची नोकरी! मिस्सानंतर सूचना वाचली, वृत्तपत्रात दिली, विद्यापीठात चिकटवली. पाच अर्ज आले. दोघांना केवळ संगणक येत होता. एक गृहस्थ पंचाहत्तरीचे, ज्ञान चांगले पण दृष्टी अधू. गोव्यातील एका तरुणाला पोर्तुगीज उत्तम येत होती. त्याने खोलीचे भाडे विचारले, हिशेब केला आणि नम्रपणे नकार कळविला. उरली विरारकडची एक मुलगी. इतिहासाची पदवी, मोडीचे प्रमाणपत्र, पोर्तुगीजचा गंध नाही, पण शिकण्याची तयारी मोठी. मुलाखतीच्या शेवटी आम्ही तिला, काही विचारायचे आहे का, असे म्हटले. ती म्हणाली, “सर, वर्षानंतर काय?”

समितीत आम्ही सात जण होतो. कोणीच काही बोलले नाही. शेवटी फादर म्हणाले, “बाळ, देवाची इच्छा असेल तर मुदत वाढेल.” फादरांनी हे मनापासून म्हटले, यात शंका नाही. पण घरभाडे देवाच्या इच्छेवर भरता येत नाही, हे त्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसत होते.

अनुदानाचा पहिला हप्ता तीन महिने उशिरा आला. शेवटची तारीख मात्र तीच राहिली, म्हणजे बाराचे नऊ महिने झाले. पहिले तीन महिने ती केवळ अक्षरे ओळखायला शिकली. जुन्या धर्मगुरूंची लेखनाची संक्षिप्त रूपे, तारखा अक्षरांत लिहिण्याची रीत, एकच आडनाव चार प्रकारे लिहिण्याची सवय. चौथ्या महिन्यापासून तिचा हात बसला. पाचव्या महिन्यात तिने आम्हाला एक गोष्ट दाखविली, ती आजवर आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आली नव्हती. दफनांच्या वहीत एका पावसाळ्यात एकाच वाडीतील नावे पानामागून पान येत होती आणि मध्येच धर्मगुरूंचे हस्ताक्षर बदलले होते. पुढच्या पानावर त्या पहिल्या धर्मगुरूंच्याच दफनाची नोंद होती. नोंद लिहिणारा नोंदीत गेला होता. ते पान वाचून दाखविताना तिचा आवाज थांबला आणि ऑफिसात काही वेळ कोणी हालचाल केली नाही.

सातव्या महिन्यात तिला एका शाळेत कायमची कारकुनाची जागा मिळाली. तिने पेढे आणले आणि रडली. तिला दोष द्यावा असे आमच्या मनातही आले नाही. आमच्याच घरातील मुलगी असती तर आम्ही तिला हाच सल्ला दिला असता. तिच्या जागी दोन महिन्यांसाठी कोण येणार? कोणी आले नाही. तिची सूची निम्म्यावर राहिली. स्वतःच्या सोयीसाठी तिने काही खुणा वापरल्या होत्या, त्यांचा उलगडा लिहून ठेवायला तिला सवड मिळाली नव्हती आणि तो लिहून घ्यावा हे आम्हाला सुचले नव्हते. उरलेल्या पैशांतून लोखंडी कपाटे घेतली. निधीच्या अहवालात कपाटांची छायाचित्रे छान आली.

चूक निधीची होती असे आम्ही बरेच दिवस एकमेकांना सांगत राहिलो. मग एकदा मूळ अर्ज काढून पाहिला. कॅमेरा, संगणक, कपाटे यांसाठी आम्ही सढळ हाताने मागितले होते आणि माणसासाठी कमीत कमी. माणसाचा पगार जास्त दिसला तर अर्ज नामंजूर होईल, या भीतीने तो आकडा आम्हीच खाली आणला होता. देणाऱ्याने कमी दिले नव्हते. आम्ही कमी मागितले होते. दरवर्षी सणाला मंडपावर, दिव्यांवर आणि बँडवर आपण जे खर्च करतो ते कोणाच्या अनुदानाने करीत नाही, हेही त्याच बैठकीत एका वृद्ध सभासदाने सौम्यपणे सुचविले. त्यावर थोडी खडाजंगी झाली. बँड हवाच, असे म्हणणारेही होते आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही.

अखेर ठरले ते असे. सणाच्या शिलकीतून, तीन शेजारच्या धर्मग्रामांच्या वाट्यातून आणि काही कुटुंबांच्या मासिक वर्गणीतून तीन वर्षांचा पगार बाजूला काढायचा. चारही ठिकाणच्या वह्या एकाच माणसाने पाहायच्या, म्हणजे एका गावात शिकलेले दुसऱ्या गावात कामी येईल. पहिले सहा महिने शिकण्याचे धरायचे, त्यांचा हिशेब मागायचा नाही. दर महिन्याला सूचीची एक प्रत, खुणांच्या उलगड्यासह, ऑफिसात जमा करायची. पोर्तुगीज अगोदरच यावी ही अट काढून टाकली. त्या मुलीला आम्ही पत्र लिहिले. ती शाळेत रमली आहे. पण दोन रविवार येऊन आपल्या खुणा समजावून देईन, असे तिने कळविले, आणि एक रविवार ती येऊनही गेली.

नव्या जाहिरातीला दोन अर्ज आले आहेत. मुलाखती आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात आहेत.